2,466 लाख कोटींच्या हिशेबात पाच हजारांचा फरक

हनुमान टेकडीवर सकाळी आमचा चार-पाच जणांचा कट्टा असतो. त्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लेजर तपासले, आता वर्तमानपत्र त्याच नजरेनं तपासतात. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी एक बातमी माझ्यापुढे धरली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे, म्हणजे प्रतिद्रव्यातल्या हायड्रोजनचे, 15 हजारांहून जास्त अणू सात तासांच्या आत साठवले गेले होते.

"15 हजार म्हणजे किती रे? चमचाभर?"

चमचाभर कुठले! कपाळावरच्या घामाच्या एका थेंबात हायड्रोजनचे साधारण तीन कोटी कोटी कोटी अणू असतात. त्यापुढे हे 15 हजार म्हणजे काहीच नाही.

"मग एवढ्याशा मालाची एवढी बातमी कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला तीन-चार सकाळी लागल्या. मधल्या शंका काकांच्याच आहेत, आणि बऱ्याच वाचकांच्याही असतील.

प्रतिद्रव्य म्हणजे काय?

शाळेत x² = 4 हे समीकरण सोडवताना नुसतं "x = 2" लिहिलं की बाई अर्धा मार्क कापायच्या. उणे दोनही उत्तर असतं, ते का सोडलं? 1928 मध्ये पॉल डिरॅक या इंग्लिश शास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉनसाठी समीकरण मांडलं, तेव्हा त्याच्यापुढेही असंच एक नकोसं दुसरं उत्तर उभं राहिलं. त्यानं ते खोडलं नाही. 1931 मध्ये त्यानं सांगितलं, की इलेक्ट्रॉनसारखाच, तेवढ्याच वजनाचा, पण धन विद्युतभार असलेला कण असला पाहिजे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसनला अवकाशातून येणाऱ्या किरणांमध्ये तो सापडला. त्याचं नाव पॉझिट्रॉन.

पुढे कळलं, की प्रत्येक कणाला असा जोडीदार असतो. प्रोटॉनचा जोडीदार प्रतिप्रोटॉन 1955 मध्ये बर्कलीत सापडला. या जोडीदारांना प्रतिकण म्हणायचं, आणि त्यांनी बनलेल्या पदार्थाला प्रतिद्रव्य. कण आणि त्याचा प्रतिकण भेटले, की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते.

हे सगळं परग्रहावरचं वाटत असेल, तर काकांच्या घरातलंच उदाहरण घ्या. काकूंचं पेट स्कॅन झालं होतं. या 'पेट'मधला 'पी' म्हणजे पॉझिट्रॉन. शिरेतून साखरेसारखं एक द्रव्य देतात, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात, शेजारच्याच इलेक्ट्रॉनला भेटतात आणि दोघं संपतात. संपताना गॅमा किरणांची जोडी नेमक्या विरुद्ध दिशांना सुटते. भोवतालचं कडं ती जोडी टिपतं आणि ती कुठून निघाली ते शोधतं. ते फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मं होत जातं, म्हणून तिथे सगळी घाई असते. स्कॅननंतर काही तास लहान मुलांपासून लांब बसायला सांगतात, तेही यामुळेच. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हिच्या अंगात प्रतिद्रव्य होतं, आणि मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो."

हिशेब कुठे जुळत नाही?

ऊर्जेपासून कण तयार होतात तेव्हा ते जोडीनंच होतात, एक कण आणि एक प्रतिकण. बँकेच्या भाषेत, एक नोंद जमेला पडली की तेवढीच नावे पडते. विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली असं मानलं, तर तेव्हाही दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या. (पुण्यात बसून 'महास्फोट' हा शब्द जरा जपूनच वापरतो. इथे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांनी या कल्पनेशी शेवटपर्यंत वाद घातला. पण आज बहुतेक शास्त्रज्ञ तिच्यावर विसंबून हिशेब मांडतात, म्हणून मीही तसाच मांडतोय.)

दोन्ही बाजू सारख्या असत्या, तर सगळे कण आणि प्रतिकण एकमेकांना भेटून संपले असते. उरला असता फक्त प्रकाश. टेकडी नाही, कट्टा नाही, पेपर नाही. पण आपण आहोत. म्हणजे ताळेबंदात फरक आहे. किती? विश्वात उरलेला प्रकाश आणि द्रव्य यांचं प्रमाण पाहिलं तर अंदाज निघतो: सुरुवातीला दर एक अब्ज प्रतिकणांमागे एक अब्ज आणि एक असे कण होते. अब्जावधी जोड्या संपल्या आणि तो वरचा एक उरला. अशा उरलेल्या एकेकापासून सूर्य, सह्याद्री आणि आपण सगळे झालो.

"मग प्रतिद्रव्याच्या आकाशगंगा दुसरीकडे कुठेतरी नसतील कशावरून?" तेही तपासून झालंय. द्रव्याचा आणि प्रतिद्रव्याचा प्रदेश जिथे एकमेकांना टेकतील तिथे सतत नाश होत राहील आणि गॅमा किरणांची झळाळी दिसेल. दुर्बिणींना तशी सीमारेषा दिसलेली नाही.

उजव्या सोंडेचा गणपती

हा फरक पडायचा, तर निसर्गाच्या नियमांनी कण आणि प्रतिकण यांच्यात कुठेतरी दुजाभाव केलेला असणार. भौतिकशास्त्रात दुजाभाव नसण्याला सममिती म्हणतात. काहीतरी बदललं आणि नियमाला त्याचा पत्ताच लागला नाही, तर तिथे सममिती आहे असं समजायचं.

भाद्रपदाच्या आधी शनिवारवाड्यापाशी मूर्तींचे स्टॉल लागतात. डाव्या सोंडेच्या गणपतीपुढे आरसा धरा, आरशात उजव्या सोंडेचा दिसेल. मूर्तिकाराला दोन्ही घडवता येतात. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, म्हणून घरोघरी डाव्या सोंडेचे जास्त बसतात. पण ही माणसांची आवड झाली, मातीला त्याचं काही नाही. निसर्गही असाच आहे, डावं-उजवं त्याला सारखंच, अशी 1956 पर्यंत सगळ्यांची समजूत होती. त्या वर्षी ली आणि यांग या दोघांनी विचारलं, की हे कुणी तपासून पाहिलंय का? चिएन-शिउंग वू यांनी पाहिलं. कोबाल्टचे किरणोत्सारी अणू अतिथंड करून चुंबकानं एका दिशेला ओळीत उभे केले आणि त्यांतून इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूला सुटतात ते मोजलं. आरशातल्या जगात जे दिसायला हवं, त्याच्याशी निकाल जुळेना. निसर्गालाही एक सोंड जास्त आवडते! पाउलीसारख्या दिग्गज भौतिकशास्त्रज्ञाला हे आधी पटतच नव्हतं. 1957 चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं. वू यांना नाही. ते मला आजही खटकतं.

मग शास्त्रज्ञांनी एक पाऊल मागे घेतलं. आरसा धरायचा आणि त्याबरोबर प्रत्येक कणाच्या जागी प्रतिकणही ठेवायचा, म्हणजे तरी जुळेल. 1964 मध्ये क्रोनिन आणि फिच यांनी केऑन नावाच्या कणांवर प्रयोग केला. तेही जुळलं नाही. हजारात दोनएक वेळा गडबड निघाली. मार्च 2025 मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगानं तसाच दुजाभाव बॅरिऑन कणांमध्येही दाखवला. बॅरिऑन म्हणजे प्रोटॉनच्या गोत्रातले कण. तिथे फरक अडीच टक्क्यांच्या आसपास होता.

"सापडलाच की मग फरक!" काका म्हणाले. सापडला, पण पुरत नाही. आजवर सापडलेला सगळा दुजाभाव एकत्र केला, तरी अब्जामागे एक शिल्लक राहण्याइतकी रक्कम भरत नाही. फारच कमी पडते.

आता शेवटची तटबंदी. आरसा धरा, कणांच्या जागी प्रतिकण ठेवा आणि घटनेचा व्हिडिओ उलटा चालवा. तिन्ही एकदम केलं, तर मात्र नियम बदलता कामा नये. या तिहेरी सममितीला सीपीटी म्हणतात. आइनस्टाइनची सापेक्षता आणि पुंजभौतिकी यांच्या पायातूनच ती गणितानं निघते, म्हणून ती मोडली तर पायाच तपासायला घ्यावा लागेल. अणूच्या पातळीवर तिचं म्हणणं अगदी साधं आहे: हायड्रोजन आणि प्रतिहायड्रोजन यांनी नेमक्या त्याच रंगांचा प्रकाश शोषला पाहिजे. अंदाजे तेच रंग चालणार नाहीत.

हायड्रोजनच का?

जुने रस्त्यावरचे दिवे आठवतात? एलईडी यायच्या आधीचे, पिवळेधमक. तो पिवळा रंग सोडियमच्या अणूचा होता. प्रत्येक अणू ठरावीक रंगांचाच प्रकाश घेतो आणि देतो, आणि ती त्याची सहीच असते. बँकेत सही पडताळून पाहतात, तसं इथे द्रव्याच्या आणि प्रतिद्रव्याच्या अणूची सही शेजारी ठेवून पाहायची.

हायड्रोजन सगळ्यांत साधा. एक प्रोटॉन, त्याभोवती एक इलेक्ट्रॉन. त्याची सही माणसानं जितकी बारकाईनं वाचली आहे, तितकी फार थोड्या गोष्टींची वाचली असेल. प्रतिहायड्रोजनही तितकाच साधा, प्रतिप्रोटॉनभोवती पॉझिट्रॉन. आणि मुख्य म्हणजे तो करता येतो. याहून मोठे प्रति-अणू करणं आजतरी कुणाच्या आवाक्यात नाही.

करायचा कसा, ठेवायचा कुठे

पहिले नऊ प्रति-अणू सर्नमध्ये 1995 सालीच झाले होते, पण ते इतके वेगात होते की जन्मले आणि भिंतीवर आपटून गेले. अणू तयार करण्यापेक्षा तो थांबवणं जास्त अवघड.

प्रोटॉनचा वेगवान झोत इरिडियम धातूच्या ठोकळ्यावर आपटला, की त्या धडकेतून थोडे प्रतिप्रोटॉन निघतात. साधारण दहा लाख प्रोटॉन आपटावेत तेव्हा एक हाती लागतो. ते भन्नाट वेगात असतात. बाकी जगात कणांचा वेग वाढवणारी यंत्रं बांधतात, इथे वेग उतरवणारी बांधली आहेत. एका वर्तुळाकार यंत्रात पहिला उतार, मग एलेना नावाच्या छोट्या यंत्रात दुसरा, त्यात ऊर्जा पन्नासपटीहून जास्त घटते. कात्रजच्या घाटातून भरलेला ट्रक उतरवताना ड्रायव्हर गिअर पाडत पाडत येतो, तसंच. पॉझिट्रॉन वेगळे येतात, किरणोत्सारी सोडियमपासून. मग दोन्ही ढग हळूच एकमेकांत मिसळायचे. काही पॉझिट्रॉन प्रतिप्रोटॉनभोवती बसतात आणि प्रति-अणू तयार होतो.

आता तो ठेवायचा कशात? भांड्याला टेकला की गेला. विद्युतभार असता तर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रानं अधांतरी धरता आला असता. पण अणू पूर्ण झाला, की धन-ऋण मिळून शून्य. मात्र तो स्वतः अतिशय क्षीण असा चुंबक असतो. तेवढ्या आधारावर त्याला भोवतीच्या चुंबकांनी धरतात. ती पकड इतकी कमकुवत, की पसरट ताटलीत गोटी ठेवावी तसं. जरा वेग असला की काठ ओलांडून बाहेर. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसच्या, साधारण अर्धा अंश वर असतील इतके गार अणूच त्यात टिकतात. आल्फा नावाच्या गटानं 2010 मध्ये असे 38 अणू पकडले, ते सेकंदाचा सहावा हिस्सा टिकले. पुढच्याच वर्षी त्यांनी काही अणू 1,000 सेकंद ठेवून दाखवले.

आता बातमीतल्या 15 हजारांचा अर्थ लागतो. त्याच गटानं या खेपेला पॉझिट्रॉन आधीपेक्षा जास्त गार केले. लेसरनं थंड केलेले बेरिलियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, त्यांच्यात मिसळले, आणि गार पाण्यात दुधाची बाटली ठेवावी तसे पॉझिट्रॉनही निवत उणे 266 अंशांच्या आसपास आले. पॉझिट्रॉन गार, म्हणून अणू संथ, म्हणून ताटलीत जास्त उरले. पकडण्याचा वेग आठपट झाला. पूर्वी एका मोजमापाला पुरतील इतके अणू जमवायला दहा आठवडे गेले होते, ते आता एका रात्रीचं काम झालं.

अणू आत होते हे कळतं कसं? ते मेल्यावर. चुंबक उतरवले, की अणू भिंतीला भिडतात, नष्ट होतात, आणि त्यांचे तुकडे भोवतालच्या यंत्रात खुणा सोडतात. त्या खुणा मोजायच्या.

पाच हजारांचा फरक

हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन तळाच्या पायरीवरून वरच्या एका ठरावीक पायरीवर उडी मारतो. त्या उडीला लागणारी वारंवारता, म्हणजे कंपनांची संख्या, आहे सेकंदाला सुमारे 2,466 लाख कोटी. आल्फा गटानं 2018 मध्ये प्रतिहायड्रोजनची तीच उडी मोजून जाहीर केली. दोन्ही आकडे जुळले, आणि मोजण्यातली अनिश्चितता होती साधारण पाच हजार.

काकांनी पेपर खाली ठेवला. "2,466 लाख कोटींत पाच हजार? आमच्या ऑडिटरनं सही करून चहा मागवला असता."

इथला ऑडिटर करत नाही. कारण साध्या हायड्रोजनच्या बाबतीत हाच आकडा दहाच्या अनिश्चिततेपर्यंत मोजलेला आहे. म्हणजे एका खात्याची शिल्लक दहा रुपयांपर्यंत पक्की, तर जोडखात्याची पाच हजारांपर्यंत. मधल्या जागेत काय दडलंय, कुणी पाहिलेलं नाही.

"खाली पडतो की वर?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. प्रतिद्रव्य आहे म्हणजे गुरुत्वाकर्षणही उलटं का? आइनस्टाइनचं म्हणणं सरळ आहे, सगळं सारखंच पडतं. पण प्रति-अणू सोडून कुणी पाहिला नव्हता.

आल्फानं उभा सापळा बांधला आणि वरचं-खालचं चुंबकीय झाकण सावकाश काढलं. उभ्या डब्यात लाह्या उडताहेत आणि दोन्ही तोंडं हळूहळू उघडली, असं समजा. उड्यांमुळे काही वरूनही जातील, पण वजन खाली ओढत असेल तर जास्त खालून सांडतील. साध्या अणूंच्या हिशेबानं शंभरातले ऐंशी खाली जायला हवे होते. सप्टेंबर 2023 मध्ये निकाल आला: प्रति-अणूही तसेच खाली जातात.

"पण इथे लिहिलंय, नेहमीच्या 0.75 पट वेगवृद्धीनं पडतो. पंचवीस टक्के घट आहे की!" काकांनी नेमकं बोट ठेवलं. त्या आकड्याला दोन्ही बाजूंनी सुमारे 0.2 ची अनिश्चितता आहे. भाजीवाल्याच्या काट्यावर अंगठी तोलली तर जी गत होते, तशी. एक हा आकडा त्यात बसतो, 'वर पडतो' हे बसत नाही. याहून जास्त काही त्या प्रयोगातून काढू नये. "प्रतिद्रव्य हलकं असतं" असे जे मथळे कधीमधी फिरतात, ते सोडून द्या.

"बॉम्ब होईल का?"

एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटलं, तर हिरोशिमाच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा निघेल. गणित खरं आहे. पण सर्नच्या वेगानं एक ग्रॅम जमवायला अब्जावधी वर्षं जातील, आणि आजवर तिथे झालेलं सगळं प्रतिद्रव्य एकदम संपवलं तरी एक बल्ब काही मिनिटंच पेटेल. वीज म्हणूनही त्याचा उपयोग नाही, करायलाच त्याहून प्रचंड ऊर्जा लागते.

प्रतिद्रव्य ट्रकमधून नेण्याची खटपट चालली आहे, ती मात्र खरी. यंत्रांच्या चुंबकीय गोंगाटापासून दूर, शांत जागी मोजमाप करता यावं म्हणून. ऑक्टोबर 2024 मध्ये तालीम म्हणून 70 साधे प्रोटॉन सर्नच्या आवारात ट्रकमधून फिरवून आणले, एकही न सांडता. आपल्या सिंहगड रोडवरून न्यायचे असते तर, असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणालंच.

"सगळं सारखंच निघालं तर?"

ही शेवटची आणि सगळ्यांत वाजवी शंका. इतकी वर्षं, इतका खर्च, आणि दर वेळी उत्तर 'जुळलं'. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, तेव्हा आपलाही काही पैसा त्यात आहे.

याचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही. काकांनी त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीची एक हकीकत सांगितली. संगणक यायच्या आधीचं सप्टेंबरचं क्लोजिंग. 15 पैशांचा फरक येत होता. नवीन पोरं म्हणाली, साहेब, खिशातून घालतो, घरी जाऊ. मॅनेजर हलेना. रात्री अकरा वाजता सापडलं: एका खात्यात 4,300 रुपये दोनदा जमा झाले होते, आणि दुसऱ्या एका खात्यात 4,299 रुपये 85 पैसे जमा करायचेच राहिले होते. वरून दिसत होते ते पंधरा पैसे.

1956 च्या आधी डाव्या-उजव्याचा हिशेब सगळ्यांनी न तपासताच सही करून टाकला होता. 1964 च्या आधी दुसरा. सीपीटीवर अजून सही झालेली नाही. ती खरी असली, तर विश्वातली शिल्लक कुठून आली हे दुसरीकडे शोधावं लागेल, पण एक दार तरी नक्की बंद झालेलं असेल. माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर सह्या जुळतील. पैज लावायची झाली तर जुळण्यावरच लावीन. तरी मोजायला हवं असंच मला वाटतं, आणि काकांपुढे ते वेगळं पटवायची गरज नव्हती.

"मग यांचं पुढचं टार्गेट काय?" त्यांनी विचारलं. अणू जास्त आहेत, 2021 पासून ते लेसरनं आणखी गारही करता येतात. गुरुत्वाकर्षणाचं मोजमाप एक टक्क्यापर्यंत आणायचंय, आणि त्या 2,466 लाख कोटींतली अनिश्चितता पाच हजारांवरून दहावर.

काकांनी मनातल्या मनात भाग घातला. "पाचशेपट बारीक. म्हणजे या मार्चला काही होत नाही."

मग ते उठले, गुडघे चोळले, आणि उतारावरून चहाच्या टपरीकडे निघाले.